मुक्ताला पत्र : मेरी कार्पेंटरच्या गावी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या वर्गातली पोरं ऐकत नाहीत, एक जण तर मध्येच उठून चालू पडतो, आणि मुख्य बाईंनी त्याचं नाव कमी करायचं ठरवलंय, असं तू लिहिलंस. तू राहतेस त्याच गावात पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका बाईने असली पोरं मुद्दाम गोळा केली होती. मेरी कार्पेंटर तिचं नाव. तुझी ब्रिस्टलची ॲडमिशन झाल्यापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे, त्यामुळे पत्र लांबणार.

धर्मोपदेशकाची मुलगी, जन्म १८०७ चा. १८४६ मध्ये तिने लुइन्स मीडच्या गलिच्छ वस्तीत 'रॅग्ड स्कूल' काढलं. अंगावर धड कपडे नसलेल्या, दुसरी कुठलीच शाळा उभं करत नव्हती अशा मुलांना तिथे फुकट शिकवायचं. फ्रान्सिस पॉवर कॉब नावाची लेखिका १८५८ मध्ये तिच्याबरोबर राहून काम करायला आली. तिने तिथल्या वर्गाचं वर्णन लिहून ठेवलंय. बाई शिकवताहेत आणि मागच्या टेबलावरच्या टोप्यांमध्ये पोरं गोट्या मारताहेत. शिट्ट्या, मारामाऱ्या, प्रार्थनेच्या मध्येच 'आमेन'ची आरोळी. कधी कधी तर सगळा वर्ग एकदम उठून खिळ्यांचे बूट वाजवत जिन्यावरून थेट रस्त्यावर! आणि कार्पेंटरबाई हसतमुख. कॉबला मात्र तिथली दगदग सोसेना, ती पुढच्याच वर्षी निघाली. मी तिला नावं ठेवणार नाही. चाळीस पोरांचा वर्ग मीही सांभाळलाय, रोज हसतमुख राहणं मला काही जमलेलं नाही.

पण कार्पेंटर नुसती सोशिक नव्हती, तिचं डोकं फार साफ चालायचं. भाकरी चोरली म्हणून पोराला तुरुंगात टाकलं तर आत त्याला मुरलेले चोर भेटतात आणि तो तयार होऊन बाहेर पडतो. मुलाने गुन्हा केला तरी ते मूलच असतं. आईबाप सांभाळत नसतील तर सरकारने ती जागा घ्यावी, आणि मुलाचा जीव जडेल असं कुणीतरी तिथे असावं, हे तिचं म्हणणं. १८५१ मध्ये तिने यावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी याच विषयावर बर्मिंगहॅमला परिषद भरली. ती घडवून आणण्यात पुढाकार तिचा, पण सभेत ती एक शब्द बोलली नाही. पुरुषांच्या सभेत बाईने तोंड उघडणं तिला स्वतःलाच अशोभनीय वाटायचं! पुढच्या वर्षी मात्र पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेली.

१८५४ मध्ये कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना सुधारगृहात पाठवता येऊ लागलं, पण आधी किमान चौदा दिवस तुरुंग भोगायचा, ही अट कायद्यात राहिलीच. शिक्षा झाल्याशिवाय समाजाचं समाधान होत नाही, दुसरं काय. ती या अटीविरुद्ध भांडत राहिली. तुमच्या बाईंनाही त्या पोराचं नाव कमी करायच्या आधी विचार, तो उठून जातो कुठे? घरी धाकटं भावंड सांभाळायचं असेल, कामावर जायचं असेल. मला तरी आधी तेच सुचतं.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. त्या पुस्तकाच्या नावातच या मुलांचा वर्ग तिने 'धोकादायक' म्हणून टाकलाय. ब्रिस्टलमधल्याच रेड लॉज नावाच्या जुन्या घरात मुलींसाठी सुधारगृह काढलं, घर घ्यायला पैसे कवी बायरनच्या बायकोने, लेडी बायरनने दिले, पण मुलींना शिकवलं काय, तर धुणं, शिवण, घरकाम. पुढे मोठ्या घरांत मोलकरीण म्हणून जायचं, एवढीच त्यांची झेप धरलेली.

आपल्याशीही तिचा संबंध आहे. राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टललाच वारले, त्या दिवसांत ते कार्पेंटर कुटुंबाच्या ओळखीचे होते. साठीला टेकल्यावर, १८६६ मध्ये, ती हिंदुस्थानात आली. मुंबई, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता असं फिरली. मुलींच्या शाळांत शिकवायला पुरुषच, म्हणून मुलगी जरा मोठी झाली की घरचे तिला काढून घेतात, हे तिने बरोबर हेरलं आणि शिक्षिका तयार करणाऱ्या शाळा काढा म्हणून सरकारच्या मागे लागली. सावित्रीबाई पुण्यात १८४८ पासून शिकवत होत्या, हे मात्र तिच्या कौतुकात लोक विसरतात.

रेड लॉज आता संग्रहालय आहे, पार्क रो रस्त्यावर. उघडं असेल त्या दिवशी जाऊन ये आणि त्या मुलींबद्दल तिथे काय लिहून लावलंय ते मला सविस्तर कळव. नुसते फोटो पाठवू नकोस, मोबाइलवर मला अक्षरं वाचता येत नाहीत.

तुझी,
आई