माळ्यावरचा स्पेक्ट्रम चालू करण्याआधी

नाशिक

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आलीस की माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम प्लस लावून बघायचा म्हणालीस. अवश्य बघ, पण आल्या आल्या प्लग घालू नकोस. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये भारतात आणलेला हा संगणक. आत १९८२च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचीच मांडणी: ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आणि ४८ केबी रॅम. कुठली चिप काय करते ते यात बोट ठेवून सांगता येतं. माझा जीव त्याच्यावर आहे तो यासाठी.

पहिलं काम अ‍ॅडॉप्टरचं. नऊ व्होल्ट डीसी, दीड ते दोन अँपिअर, आणि पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरना आत पॉझिटिव्ह असतो, म्हणून एम. जी. रोडवर घ्यायला जाशील तेव्हा मल्टिमीटर बरोबर ठेव आणि दुकानातच तपास. उलटा लागला तर बोर्डवरचं बाकीचं व्होल्टेज बनवणारा ट्रान्झिस्टर जातो आणि त्याच्या मागे रॅम.

आता उघडणं. खालचे स्क्रू काढलेस की वरचं झाकण झटक्यात उचलू नकोस. कीबोर्डच्या पडद्याच्या (कळांखालच्या मेम्ब्रेनच्या) दोन चपट्या पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच तारांची, दुसरी आठांची. जुनं प्लास्टिक कडक होतं आणि नेमकं कनेक्टरच्या तोंडाशी तुटतं. पट्ट्या सरळ वर ओढून काढ. तुटल्याच तर नवा पडदाच घ्यावा लागतो. जोडाजोड टिकत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर ओल धरते, त्यामुळे सॉकेटमधल्या चिपांचे पाय काळे पडलेले असतील. त्या अलगद उचल, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि खाचेची दिशा पाहून परत बसव. आडवे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र सगळेच बदल. ते आतून सुकतात, आणि ते सुकले की व्होल्टेज डळमळतं. जुना काढण्याआधी प्रत्येकाच्या प्लस टोकाचा फोटो घे.

मग पॉवर दे आणि लगेच ४११६ नंबरच्या रॅम चिपांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोज. १६ नंबरची पिन ग्राउंड. एकवर उणे पाच, आठवर बारा, नऊवर पाच व्होल्ट मिळायला हवेत. उणे पाच नसेल तर तत्क्षणी बंद कर, कारण त्याच्याशिवाय बारा व्होल्ट आले की या चिपा जळतात. पाच व्होल्ट बनवणारा ७८०५ रेग्युलेटर तापतो, तो त्याचा स्वभावच. त्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घट्ट बसलेली असली म्हणजे झालं.

सगळं जागेवर असेल तर टीव्हीचा पडदा क्षणभर काळा, मग पांढरा होतो आणि तळाशी कॉपीराइटची ओळ येते. नुसते पट्टे किंवा चौकोनच दिसत राहिले तर पहिला संशय रॅमवर घे.

कॅसेटऐवजी फोन चालेल. गेमची टॅप फाइल (कॅसेटची डिजिटल प्रत) वेव्ह या आवाजाच्या फाइलमध्ये बदल, मोनो पिनची वायर इअर सॉकेटला लाव, आवाज जवळजवळ पूर्ण ठेव, इक्वलायझर आणि नोटिफिकेशन बंद. जे दाबलंस की अख्खा लोड शब्द उमटतो. त्यापुढे दोन अवतरण चिन्हं आणि एंटर. कडेला लाल-आकाशी पट्टे आले म्हणजे सूर ओळखला, निळे-पिवळे आले म्हणजे डेटा येतोय. मध्येच टेप लोडिंग एरर आली तर आधी आवाज थोडा कमी-जास्त करून बघ. मोठ्या गेमला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढा धीर धर.

पण गेमच्या आधी एक कर, माझ्यासाठी. ओ दाब, पोक येईल, म्हणजे मेमरीच्या एका जागी आकडा ठेवायची आज्ञा. पुढे २२५२८,१६ लिही आणि एंटर. वरच्या डाव्या कोपऱ्यातला आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन लाल होईल. पडद्याचे ठिपके १६३८४ पासून ६१४४ बाइटमध्ये राहतात, आणि रंग त्यांच्या पुढच्या ७६८ मध्ये. म्हणूनच एका चौकोनात दोनच रंग मावतात आणि गेममधली माणसं भिंतीजवळ गेली की त्यांचा रंग बदलतो. २२५२९ लाही टाकून बघ, मग १६ च्या जागी २४, ३२. कुठला आकडा कुठला रंग, ते तुझं तूच शोध.

येताना सोल्डर वायर आणि बारीक टोकाचा आयर्न आण. इथला आयर्न या बोर्डासाठी जाड आहे, त्याने बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक उचलले जातील.

तुझी
आई