बेंजामिनाची पानगळ

पुणे

प्रिय अविनाश,

नर्सरीतून आणलेल्या झाडाची पानं का गळतायत म्हणून पाठवलेले फोटो पाहिले. झाड फायकस बेंजामिना आहे, वडा-पिंपळाच्याच कुळातलं. आणि जागा बदलली की पानं टाकण्यात याचा हात धरणारं दुसरं नाही. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली उघड्यावर होतं, तू टीव्हीशेजारी एसीसमोर ठेवलंस. भरपूर उजेडात तयार झालेली पानं अंधारात झाडाला परवडत नाहीत, मग ती गळतात. काही आठवडे हे चालणारच. तेवढ्यात खत घालू नकोस, कुंडी तर मुळीच बदलू नकोस. पूर्वेच्या खिडकीत, काचेपासून फूटभर अंतरावर ठेव आणि तिथून हलवू नकोस.

गळालेलं पान हातात घेऊन बघ. हिरवंगार असतानाच पडलं असेल तर जागाबदल किंवा एसीचा झोत. पिवळं पडून गळालं आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. कुरकुरीत असेल तर कमी. पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड: लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि लिक्विड साबणाचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवार, आठवड्यानं पुन्हा.

खरी गोम पाण्यात आहे. पानं निम्मी झाली की झाड पाणीही कमी ओढतं. आपण मात्र काळजीपोटी जास्तच घालतो आणि मुळं कुजतात. पानगळीपेक्षा यानेच जास्त झाडं जातात. म्हणून वार ठरवू नकोस. लाकडी काडी मातीत दोन-तीन सेंटीमीटर खुपस, दहा मिनिटांनी काढ. ओलसर असेल तर थांब. उलटही होतं: बुंध्याखालचा लाल मातीचा गोळा इतका घट्ट असतो की पाणी कडेनं निसटतं, गाभा कोरडाच राहतो. तसं वाटलं तर कुंडी काठापर्यंत पाण्यात ठेव, बुडबुडे थांबले की काढून निथळू दे.

फांदी मेली का, हे नखानं साल किंचित खरवडून कळतं. खाली हिरवं दिसलं, चीक आला, की जिवंत. (चीक हाताला लागला तर धू, खाजतो.) बोडक्या फांदीलाही महिन्याभरानं डोळे फुटतात, तेव्हा कात्री लांबच ठेव.

नवी पानं पक्की झाल्यावर पातळ खत चालेल. माती पुढच्या जूनमध्ये बदलू: 3 ते 5 मिमी विटांचे तुकडे दोन भाग, जाड रेती एक, चाळलेलं शेणखत एक. विटांची भुकटी आधी चाळून टाक, नाहीतर तीच भोकं बुजवते.

तुझा,
मकरंद