किल्ली परत करणाऱ्या ताईंना

विषय : बंदरावरची बाग उघडल्याबद्दल आभार मानण्याबाबत.

ताई, नमस्कार.

विषय घातल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही, तेवढं चालवून घ्या. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करणं हा माझा धंदा. सातबाऱ्यावर नाव चढवा, रेशनकार्डावरून नाव कमी करा, मीटर बदलून द्या. ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की’ इथपर्यंत बोटं आपोआप चालतात.

आमच्या बंद पडलेल्या बागेतला तुमचा तीन दिवसांचा कलेचा मेळा आटोपून तुम्ही गेलात, त्याच संध्याकाळी मी फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं होतं. बाबांना ते आवडलं नाही. ‘एवढ्याशा शब्दात झालं तुझं? नीट लिही तिला. आणि गावाला वाचता येईल असं लिही.’ म्हणून हे सगळ्यांसमोर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दाभोळ आणि बाणकोट यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं गाव. मुंबईची आगबोट यायची तेव्हा ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून या बंदराला उतरायची. बोटी बंद झाल्या, बंदर ओस पडलं, आणि पुढे कधीतरी तिथे बाग करायचं कुणाच्या तरी मनात आलं. समुद्राकडे उतरत्या पायऱ्या, मध्ये कारंजं, कडेने पेव्हर ब्लॉक, गेटाशी संगमरवरी कोनशिला. बाबा तिथे माळी होते. माळी, वॉचमन आणि शाळेच्या सहलीतल्या पोरांच्या उलट्या धुणारेही तेच.

बाग होत होती तेव्हापासून ते सांगत होते. गुलमोहोर नको, वाऱ्याला टिकत नाही; उंडी लावा, भेंड लावा, कडेला केवडा घाला. लॉन नको, खाऱ्या वाऱ्यात टँकरच्या पाण्यावर ते जगणार नाही. समुद्राकडच्या भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागची माती फुगेल आणि भिंत ढकलून देईल. माळ्याचं कोण ऐकतो! गुलमोहोर आले, लॉन आलं, भिंत बिनभोकांची उभी राहिली. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी टँकरच्या पाण्यावर उडालं, ते तेवढंच. काही वर्षांनी एका रात्री बाबांना फोन आला, उद्यापासून येऊ नका. कारण नाही, कागद नाही. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमचे सगळे गुलमोहोर एका दुपारी आडवे झाले. शेजारच्या वाडीतली जुनी उंडी पानं झडून उभी होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्यानंतरच्या पावसात भिंत बाहेरच्या अंगाला कलंडली, अगदी बाबा म्हणाले होते तश्शी. ज्यांच्याकडे बाग होती ते येऊन बघून गेले. मोजमाप तीनदा झालं. ‘सुशोभीकरण’ असा फलक दोनदा लागला, फलकासमोर फोटोही झाले. माझ्या हाताने टाइप केलेले अर्ज १९. त्यातल्या एकाचंच उत्तर आलं, अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे असं. तो योग्य विभाग अजून सापडायचा आहे. मधल्या काळात कोनशिला तेवढी शाबूत राहिली. तिच्यावरच्या नावांना बकऱ्या पाठ घासतात.

आता किल्लीचं.

शेवटच्या दिवशी बाबांनी गेटाला कुलूप लावलं आणि किल्ली घरी आणली. मागायला कुणी आलंच नाही. ती देवघरात राहिली, जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याला बांधलेली. दर खंडेनवमीला खुरपं, कात्री आणि कोयतीच्या शेजारी ती पाटावर यायची, तिला हळदकुंकू लागायचं. पूजा झाली की बाबा गेटाकडे जाऊन कुलपात खोबरेल सोडून यायचे. इकडे भिंत पडलेली, आत म्हशी चरतायत, संध्याकाळी पोरं बाटल्या घेऊन बसतायत आणि हा माणूस गेटाच्या कुलपाला तेल घालतोय. मला लाज वाटायची, खोटं कशाला सांगू. एकदा म्हटलंसुद्धा, ‘बाबा, लोक हसतात.’ ते काही बोलले नाहीत. पण पडलेल्या भिंतीवरून ते आत कधी गेले नाहीत. सात वर्षं बाग घरापासून पन्नास पावलांवर, आणि त्यांनी तिच्यात पाय ठेवला नाही.

तुम्ही आलात ती गणपती गेल्यानंतरची दुपार. दीड वाजला असेल, बाबा जेवायला बसले होते. अंगणात चपला काढून तुम्ही पडवीच्या पायरीशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘काका, बागेची किल्ली तुमच्याकडे असते असं कळलं.’

मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘अहो, पलीकडून भिंत पडलीये, कुणीही जातं आत.’

‘हो, बघून आले,’ तुम्ही म्हणालात. ‘पण कुलूप यांनी लावलंय ना.’

बाबांचा घास हातात राहिला. तुम्ही ‘सावकाश जेवा’ म्हणून पडवीत टेकलात, आमच्या मांजराशी बोलत बसलात. बाबांनी हात धुतले, आत गेले आणि खाकी शर्ट घालून बाहेर आले. मला वाटत होतं तो शर्ट आईने केव्हाच बोहारणीला दिला. पोटावरचं बटण लागत नव्हतं.

कुलूप एका फेऱ्यात उघडलं. गेट मात्र हलेना, बिजागऱ्या गंजून एकजीव झालेल्या. तुम्ही दोघांनी खांदा लावला. मग तुम्ही थांबलात. बाबा आधी आत गेले, तुम्ही तीन पावलं मागे. ते सरळ नळाकडे गेले आणि तोटी फिरवून बघितली. पाणी कुठलं यायला! तरी त्यांनी ती पुन्हा नीट बंद केली.

त्यानंतर तेवीस दिवस तुमची माणसं आत राबत होती. भिंतीचा तो भगदाडाचा रस्ता जवळचा होता, सामान तिथूनच यायचं. पण रोज संध्याकाळी तुम्ही गेटाला कुलूप घालून किल्ली पडवीत आणून द्यायच्यात आणि सकाळी येऊन पुन्हा मागायच्यात. एक दिवस तुम्हाला ताप होता, तर त्या झांजा वाजवणाऱ्या पोराला पाठवलंत. परवानग्या, पैसे, जनरेटर, पोलिसांचं पत्र हे सगळं कसं जमवलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला त्यातलं काही आठवत नाही. मला संध्याकाळी साडेसहाला पडवीच्या कठड्यावर किल्ली ठेवल्याचा आवाज आठवतो.

त्या पडवीतच तुम्ही मोबाइलवर आम्हाला कोची दाखवलीत. फोर्ट कोचीला पाण्याच्या काठावर मसाल्याच्या व्यापाऱ्यांचं आस्पिनवॉल हाउस असंच रिकामं पडलेलं होतं आणि १२ डिसेंबर २०१२ ला बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन मुंबईकर चित्रकारांनी तिथे बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन, सुरू केली, हे तुम्ही सांगत होतात. आई म्हणाली, ‘त्यांच्याकडे मिरी होती बाय, आमच्याकडे काय हाय?’ मग मुंबईच्या ससून डॉकचा विषय निघाला. १८७५ सालच्या त्या गोदीत २०१७ साली भिंतींवर चित्रं रंगवली होती. आमची आत्या तिथे कोळंबी सोलायची. ती सांगायची की शिकलेली पोरं नाकाला रुमाल लावून चित्रं बघत फिरत होती आणि एकाने रुमाल काढून तिला विचारलं, मावशी, इथे बसलं तर चालेल का? तो मुलगा तिला शेवटपर्यंत आठवायचा, चित्रं काय होती ते नाही.

तिथीवरून झालेली गंमत गावाला माहीत नाही, म्हणून सांगतेच. तुमच्या मनात पौर्णिमा होती. खालच्या पायऱ्यांवर गाणं, वर चांदणं. बाबा म्हणाले, ‘पुनवेला नको बाय. उधाणाचं पाणी चौथ्या पायरीला लागतं.’ मग बोटं मोजून त्यांनी तुम्हाला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. पुनवेला पंधराचे पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे गाणं रंगात आलेलं असताना पाणी चढत येणार. अष्टमीला आठाचे पाऊण, सहा. आणि ते भांगाचं पाणी, फार वर येत नाही. सातला सुरू केलंत तर समुद्र मागे मागे जात राहील. तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि तारीख बदललीत. मोठ्या पदवीच्या माणसांनी भिंतीला भोकं ठेवा एवढं ऐकलं नव्हतं हो. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी ते नवमी असे तीन दिवस ठरले, आणि अर्धा चंद्र आम्हाला पुरला.

आता खरं सांगायचं तर सगळं काही आम्हाला कळलं नाही. भर दुपारी ओहोटीच्या चिखलात चार तास पांढऱ्या कपड्यांत बसून राहिलेला तो माणूस, त्याच्याबद्दल आमच्या आजीने विचारलं, ‘कसला नवस हाय याचा?’ मी म्हटलं कलाकृती आहे. ती म्हणाली, मग पाणी तरी द्या त्याला. आणि खरंच तांब्या घेऊन गेली. तो उठला नाही, पण प्यायला.

झोपाळ्यांच्या सांगाड्याला तुम्ही जाळ्याचे प्लास्टिकचे जुने गोळे टांगलेत, वाऱ्यात ते एकमेकांवर आपटून ठकठक करायचे. पोरांनी पहिल्याच तासात त्यांना लोंबकळायला सुरुवात केली. मी धावत गेले आवरायला, तर तुम्हीच म्हणालात, झोपाळाच आहे तो, लोंबकळू दे.

कारंज्याचं तर विचारूच नका. त्याच्या कोरड्या टाकीत तुम्ही चार स्पीकर ठेवलेत आणि त्यातून हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचे आवाज यायला लागले, भाव पुकारणारे, त्यावर भांडणाऱ्या बायका, मधेच मोटारीची घरघर. बायका काठावर बसून आपल्या ओळखीचा आवाज शोधत होत्या. ‘ही आमची जाऊ!’ म्हणून एक उठून उभी राहिली. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, ‘उद्घाटनानंतर पहिल्यांदा कारंज्यातनं कायतरी बाहेर आलं.’

अष्टमीची रात्र. पुण्याचा तो लॅपटॉपवाला मुलगा आणि आमच्या वाडीचे खेळे, म्हणजे नमन हा कोकणातला लोकनाट्याचा खेळ करणारी मंडळी, एकत्र. मला धास्ती होती, कारण आमच्या नमनातले म्हातारे मृदंगाला हात लावू देत नाहीत आणि पोराने तर लाटांचा आणि होडीच्या फळ्यांचा आवाज डब्यात भरून आणलेला. पहिली दहा मिनिटं दोघं दोन दिशांना. मग नमनातलं सोंग, संकासूर आला, काळा झगा, उंच टोपी, आणि त्याने सरळ त्या पोराच्या टेबलाभोवती नाचायला सुरुवात केली. पोरगा हसला, हातातलं बटण सोडलं, नुसता मृदंग ऐकत राहिला. थोड्या वेळाने त्याने त्याच चालीवर खालून एक घुमणारा आवाज सोडला, पायऱ्यांच्या चिऱ्यात जाणवत होता तो. दहाला बंद करावं लागलं. कुणी उठेना. पाणी तोवर पार खाली गेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला निघाले तर तुम्ही आणि तुमची चार पोरं पोती घेऊन कचरा वेचत होतात. गावच्या लोकांनी केलेला कचरा, आमच्या लोकांनी. आमच्या घरी चहा घेतलात तरी कप धुऊन पालथा घालायच्यात. आई रागवायची, पाहुण्याने कप धुवायचा नसतो. पण तुमच्यामागे कितीदा तरी सांगितलं तिने ते, शेजारी, नात्यात, फोनवर मुंबईला. अशी माणसं असतात. मागच्या पावसात खेडच्या एसटीत एका कंडक्टरने माझे राहिलेले सहा रुपये पुढच्या आठवड्यात त्याच गाडीत आठवणीने दिले होते, त्याचाही चेहरा मला अजून दिसतो. अशांचे अर्ज टाइप करायची वेळ येत नाही, म्हणून त्यांची नावं कुठल्या कागदावर नसतात.

आता बागेची खबर. दिव्याच्या ११ खांबांपैकी ३ लागतात. भिंत अजून पडलेलीच आहे. शौचालयाला कुलूप आहे आणि ती किल्ली आमच्याकडे नाही. पण संध्याकाळी बायका येऊन पायऱ्यांवर बसतात, खेळ्यांची तालीम आता तिथेच होते, आणि बाटलीवाली पोरं पलीकडे सुरूच्या बनात सरकली आहेत. झोपाळ्याचे चार गोळे पोरांनी तोडले, दोन बाबांनी पुन्हा बांधले. बाबा सकाळी पाचला गेट उघडतात. पगार नाही, कुणी सांगितलेलं नाही. भिंतीच्या कडेने त्यांनी उंडीची सहा रोपं लावलीत, घरून कळशीने पाणी नेऊन घालतात. कोनशिला त्यांनी धुऊन काढली. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, बकऱ्यांची घाण होती.

सोबत पार्सलमध्ये आमसुलं आहेत, आईने दिलेली. आणि कागदात गुंडाळलेली एक किल्ली. बाबांनी स्वतः दापोलीला जाऊन ती करून आणली. कधी रात्री-अपरात्री आलात तर आम्हाला उठवायला नको, म्हणाले. नवीन आहे, अजून नीट बसलेली नाही. कुलपात घातल्यावर जरा डावीकडे ओढून धरा आणि मग फिरवा.

आपली विश्वासू.