नाना पेठेतल्या सायकलवाल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानाला पाटी नाही आणि तुमचं नाव मी विचारलं नाही, म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय. नाना पेठेत जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत बसून ज्यांनी माझ्या जुन्या, बिनगिअरच्या सायकलीला हँडल निवडून दिलं, त्या तुमच्यापर्यंत ते पोचेल याची मला खात्री आहे. तुमच्याकडे येणारं कुणीतरी दाखवेलच.

आधी रागाचं सांगून टाकते. मूळचं हँडल गंजून मुठीपाशी चिरलं होतं, ते बदलायचं, एवढंच माझं काम होतं. एका मोठ्या दुकानात सायकलीकडे न बघताच "मॅडम, बजेट किती?" असं विचारलं. दुसरीकडे म्हणाले, या वयात सायकल कशाला, स्कूटर घ्या. सदाशिव पेठेतून विद्यापीठापर्यंत मी वर्षानुवर्षं याच सायकलवर कामाला जातेय, हे ऐकून घ्यायलाही त्यांना वेळ नव्हता. तिसऱ्या ठिकाणी हँडल बसवून मिळालं. सरळसोट, काळं, रुंद. "हल्ली हेच चालतं," म्हणाले. थोड्याच दिवसांत माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, कारण अंगाचा सगळा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर यायचा. परत गेले तर "सवय होईल" हे उत्तर. मग सेनापती बापट रस्त्याच्या उतारावर पुढची बस अचानक थांबली, मी ब्रेक दाबला आणि हातातलं हँडलच पुढे फिरलं. फुटपाथला पाय टेकता आला म्हणून वाचले. आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतोय.

तुम्ही ते हँडल सोडवलंत तेव्हा आतून पत्र्याची घडी घातलेली पट्टी निघाली. शीतपेयाच्या डब्याची. त्यावरचा रंगही तसाच होता. ती दोन बोटांत धरून तुम्ही म्हणालात, "ताई, हँडल सात सुताचं आणि पकड आठ सुताची. मधलं एक सूत या पत्र्याच्या जिवावर चाललं होतं." तुमचा आवाज चढला नाही, पण तुम्हाला राग आला होता हे मला दिसलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. माझ्या जिवाशी खेळ झाला म्हणून चिडणारं कुणीतरी भेटलं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मूठ चढते तिथे हँडलची जाडी सात सूत, म्हणजे २२.२ मिलिमीटर असते. स्टेम, म्हणजे सायकलीच्या पुढच्या नळीत बसणारा आणि हँडल पेलणारा दांडा, ज्या जागी हँडलला आवळून धरतो तिथे माझ्यासारख्या जुन्या सायकलीला आठ सूत, पुरता एक इंच, २५.४ मिलिमीटर लागतो. नव्या गिअरच्या सायकलींना तिथे बहुतेक ३१.८ चं हँडल येतं. दुकानात "बसतंय ना?" एवढंच विचारून भागत नाही. कशाने बसवलंय तेही विचारा.

पण काका, या पत्राचं खरं कारण वेगळं आहे.

मला वाटलं होतं, तुम्ही आता वरून एखादं हँडल काढाल आणि लावाल. तुम्ही सायकल रस्त्याच्या कडेला घेतलीत, पुढचं चाक स्वतःच्या दोन गुडघ्यांत घट्ट धरलंत आणि मला म्हणालात, "बसा. दोन्ही पाय पेडलवर. मी सोडत नाही." मी बसले. "आता डोळे मिटा आणि हात पुढे करा, जिथे जातील तिथे." मागे टेम्पो हॉर्न वाजवत होता, दोन गिऱ्हाईकं ताटकळली होती, एक मुलगा पंक्चरसाठी घाई करत होता. त्याला तुम्ही फक्त "थांब रे" म्हणालात. तुमचे गुडघे जराही हलले नाहीत. मी डोळे उघडले तेव्हा माझे हात हातात दोन पिशव्या धरल्यासारखे आले होते, तळवे आत, अंगठे पुढे. तुम्ही माझ्या मनगटाकडे बघून म्हणालात, "बघा, हाताला माहितीये त्याला काय पाहिजे. सरळ दांडी त्याला पिळत होती."

इतक्या लोकांनी मला काय घ्यायला हवं ते सांगितलं होतं. माझे हात कुठे जातात हे बघणारे तुम्ही पहिले.

मग तुम्ही माळ्यावरून मागे वळलेली हँडलं काढलीत. सगळ्यात ऐसपैस होतं ते मला लगेच आवडलं, पण ते लावून तुम्ही मला पेडलवर उभं राहायला लावलंत. गिअर नाही, म्हणजे चढाला उभं राहूनच मारायचं, आणि तेव्हा हँडलची टोकं गुडघ्याला लागत होती. ते बाद. दुसरं पेठेच्या गल्लीबोळांसाठी फार रुंद. तिसरं बसलं. मला ते अजून थोडं उंच चाललं असतं, पण तुम्ही स्टेमवर कोरलेली रेघ दाखवलीत: ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर आत लोखंड कमी उरतं आणि एखाद्या खड्ड्यात सगळं हातात येतं. ब्रेकच्या वायरी आखूड पडत होत्या, त्या लांब घातल्यात. निघताना सीटच्या स्प्रिंगाही बघितल्यात, कारण आता ताठ बसणार म्हणजे भार मागे जाणार. पैशांचं काय लिहू? घेतलेत ते इतके रास्त होते की मला दोनदा विचारावं लागलं.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. कर्वेनगरला सायकलींचं संग्रहालय आहे, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, याचं मला मनापासून कौतुक आहे. रस्ते व्हावेत, मार्ग व्हावेत. पण माझ्यासारखी बाई आज सायकलवर टिकून आहे ती तुमच्यासारख्या माणसांमुळे, जी विकण्याआधी विचारतात आणि रांग लागलेली असतानाही समोरच्याला घाई करत नाहीत. दवाखान्यात, बँकेत, सरकारी खिडकीपाशी, कुठेही असं माणूस भेटलं की दिवस चांगला जातो. असं वागायला वेगळा खर्च येत नाही, तरी किती दुर्मीळ झालंय हे! तुमच्याकडे ते इतकं सहज होतं की मी आभार मानले तेव्हा तुम्ही आधीच त्या पंक्चरवाल्या मुलाकडे वळला होतात. म्हणून इथे मानते. मनापासून.

बोटं आता बधिर होत नाहीत. सेनापती बापट रस्त्याचा उतार मी परत उतरते, ब्रेक दाबते, हँडल जागच्या जागी राहतं.

आणि एक काम आहे. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण रविवारी तिची सायकल घेऊन येणार आहे. तिचे खांदे भरून येतात आणि कुणीतरी तिला रेसरचं खाली वळलेलं हँडल सुचवलंय. ती जरा भित्री आहे, चाक घट्ट धरा.

तुमची,
सदाशिव पेठेतली सायकलवाली ताई