अमळनेरच्या अक्कांना, आईच्या गोधडीसाठी

आदरणीय अक्का,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पिको-फॉलच्या दुकानात दिवसभर इतक्या बायका येतात की माझा चेहरा तुमच्या लक्षात असेलच असं नाही. गोधडी मात्र आठवेल. हिरव्या नि जांभळ्या लुगड्यांची, पोटात वडिलांची जुनी धोतरं, मधले धावदोरे अजून जागच्या जागी आणि चारी कडा मात्र विरून दशा लोंबत असलेल्या. ती गोधडी आता परत वापरात आली आहे. याचे आभार गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्या उभ्या मानणं मला बरं वाटेना, म्हणून हे पत्र. आणि ते उघडच लिहिते आहे, कारण खान्देशात घरोघरी माळ्यावर अशा गोधड्या पडून असतील. मधून धडधाकट, फक्त कडेने गेलेल्या.

आपल्याकडे गोधडीला सुट्टी नसते. वैशाखात रात्री धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, अंथरायला तीच, पौषात अंगावर घ्यायला तीच. ओढून घेताना आपण कडच धरतो, गळ्याशी घासते ती कडच, आणि धुऊन वाळत घालताना दोघी दोन टोकांनी पिळतात तेव्हा ताण येतो तोही कडेवरच. ही गोधडी आईने शिवलेली. तिची नजर आता सुईच्या नेढ्यापर्यंत पोचत नाही. कड नीट झाली नाही तर आतले तिचे टाकेही सुटत जाणार, ही धास्ती मला होती.

मी विचारलं होतं ते एवढंच, की कडेला तयार पट्टी लावून द्याल का. तुम्ही मजुरी सांगून गोधडी ठेवून घेऊ शकला असतात. त्याऐवजी तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, म्हणालात, "बस माय, तूच लाव." दुपारची वेळ, बाहेर ऊन, फॉलच्या साड्यांची चळत शेजारी, आणि तुम्ही दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मध्ये मला शिकवत होतात. एकीने टोकलंही, की विकतची पट्टी लावली तर ती गोधडी कसली. तुमचं उत्तर मी घरी आल्या आल्या आईला सांगितलं: "तिनी मायना टाका शेतस ना मधमा, मंग कोर बाजारनी ऱ्हायनी ते काय झायं?" म्हणजे मध्ये तिच्या आईचे टाके आहेत ना, मग कड बाजारची असली तर काय झालं. आई कितीतरी वेळ हसत होती.

पट्टी निवडतानाच तुम्ही अर्धं काम केलंत. मला चकचकीत सॅटिनची आवडली होती, तुम्ही सुती हातात दिलीत. सॅटिन निसटतं, धुण्यात त्याचे धागे सुटतात, सुती कापडाला सुतीच पट्टी. रुंदीही तुम्हीच ठरवलीत. ब्लाउजच्या गळ्याला लावतात ती पाव इंची पट्टी गोधडीच्या पाच-सहा थरांना कवेत घेऊच शकत नाही. दुमडलेली अर्धा इंच दिसेल आणि उलगडली तर जवळपास दोन इंच भरेल, अशी पट्टी हवी. उरेब, म्हणजे तिरक्या कापाची का, हेही तुम्ही दोन बोटांत ताणून दाखवलंत. सरळ कापाच्या पट्टीत घडीच्या धारेवर तेच ते एक-दोन धागे सगळी झीज सोसतात आणि ते तुटले की पट्टी लांबच लांब फाटते. उरेबमध्ये धागे धारेला तिरके येतात, झीज वाटली जाते. सरळ कडेला सरळ कापाची पट्टीही चालते, पण रोज वापरायच्या गोधडीला उरेबच बरी, हे तुमचं म्हणणं मला पटलं. माप ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे चारी कडा मिळून २८८ इंच, साधारण ७.३ मीटर. तुम्ही ८ मीटर मोजून दिलीत, कोपरे नि सांधा धरून. आणि बजावलंत की आधी भिजवून वाळव, ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का बघ. पट्टी नंतर आटली तर सगळी कड गोळा होते.

घरी मी तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने गेले. विरलेला भाग मोजपट्टीने आखून सरळ कापला, थर सरकू नयेत म्हणून अगदी धारेला कच्चा दोरा घातला. मशीनला १६ नंबरची सुई, टाका मोठा. पट्टीची एक घडी उघडून तिची धार गोधडीच्या धारेला लावली आणि घडीच्या रेघेतून शिलाई चालवली. सुरुवात कोपऱ्यावर नाही, लांब बाजूच्या मधोमध, टोक तिरकं दुमडून. शेवटी दुसरं टोक त्या दुमडीत इंचभर सरकवलं की सांधा जाड होत नाही.

पण खरं शिक्षण कोपऱ्यातलं. आधी तुम्ही कागदाच्या चिठोऱ्यावर घडी घालून दाखवलीत, मग पट्टीवर. धार संपायच्या अर्धा इंच अलीकडे थांबायचं, दोन टाके उलटे घेऊन दोरा तोडायचा. पट्टी वर, गोधडीपासून लांब दुमडायची, तिथे तिरकी घडी पडते. ती बोटाने दाबून धरायची आणि पट्टी पुन्हा खाली, पुढच्या बाजूला आणायची. ही दुसरी घडी आताच शिवलेल्या बाजूच्या कडेशी अगदी बरोबर यायला हवी. मग थेट धारेपासून शिलाई सुरू. पट्टी उलटवली की पुढून आपोआप तिरका कोपरा उभा राहतो. मागच्या बाजूला तीच घडी उलट दिशेने घालायची, म्हणजे सगळी जाडी एका अंगाला साचत नाही. चारही कोपरे तसेच आले आहेत अक्का. आई त्यावरून बोट फिरवते, चारही कोपऱ्यांवरून.

मागची बाजू मी हाताने तुरपली. तुम्ही म्हणाला होतात, नदीवर आपटायची असेल तर मशीन, घरात धुणार असाल तर हातशिलाई. तुरपताना तुमचं एक वाक्य सारखं कानात होतं: "वढू नको माय, बसू दे तिले." उरेब पट्टी ताणली जाते, आणि ताणून शिवली की नंतर आक्रसून गोधडीला वाटीसारखा खोलगट आकार देते. मी न ओढता लावली. जमिनीवर अंथरली तर ती चारी बाजूंनी सपाट बसते.

तुम्ही त्या दिवशी फक्त पट्टीचे पैसे घेतलेत, शिकवण्याचा विषयही काढू दिला नाहीत. ते मी मनावर घेतलं आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी या. खापरावरची पुरणपोळी नि आमरस असेल, आणि आईला तुम्हाला भेटायचंच आहे. तिला तुमच्याशी टाक्यांबद्दल बोलायचं आहे, माझ्याशी बोलून तिचं समाधान होत नाही.

आपली,
हिरव्या-जांभळ्या गोधडीवाली

ता. क. – धाकट्या जावेला बाळाच्या दुपट्यासाठी पिवळी सुती पट्टी हवी आहे. दुपटं ३६ इंच चौरस, कडा १४४ इंच, तेव्हा ४ मीटर पुरेल. कोपरे गोल ठेवायचे आहेत, त्यामुळे उरेबच काढून ठेवा. आणि ती स्वतः येईल, तिलाही स्टूलवर बसवा.