काका, ती कागदाची खिडकी आईने जपून ठेवली आहे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव या पत्रात येऊ नये असे आपण बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सर्वांना वाचता येईल असे लिहू द्यावे, एवढा हट्ट मी धरला आणि आपण तो मानलात. शनिवार पेठेतल्या आपल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात, त्या लोखंडी टेबलापाशी, सगळे संपल्याच्या दिवशी मला 'आभारी आहे' हे दोनच शब्द कसेबसे बोलता आले. बाकीचे तेव्हापासून मनात साचून आहे, आणि आईच्या खोलीतून रोज सकाळी पुन्हा वाचनाचा आवाज येऊ लागल्यापासून ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे मागचे सांगते. माझी आई ८१ वर्षांची आहे. तिने महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवले. पगाराच्या दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन एक तरी पुस्तक विकत घ्यायचे आणि उरलेला महिना पुणे नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांवर काढायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. सहा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. आता तिला कडेचे थोडेफार दिसते, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही आणि छापील ओळ तर मुळीच वाचता येत नाही. तेव्हा आम्ही तिच्या फोनवर ऑडिओबुकचे एक ॲप घालून दिले. चार वर्षांत तिने स्वतःच्या पेन्शनमधून त्यावर ६४ पुस्तके घेतली, ११,३४० रुपयांची. प्रत्येक वेळी बटणावर 'खरेदी करा' असे लिहिलेले असायचे, पैसे गेले की 'हे पुस्तक आता तुमचे आहे' असा संदेश यायचा, आणि आईच्या शिस्तीप्रमाणे मी प्रत्येक पावती छापून फाइलला लावायची.

श्रावणातल्या एका सकाळी तिने मला हाक मारली. "यातला आवाज गेलाय, बघ गं," असे म्हणून तिने फोन पुढे केला. एका कादंबरीचे सतरावे प्रकरण अर्ध्यावर होते. मी पाहिले तर आवाजाला काहीच झाले नव्हते, पुस्तकांचे कपाटच रिकामे झाले होते. कंपनीने सुटी पुस्तके विकणे बंद करून महिन्याची वर्गणी सुरू केली होती, आणि आधी विकत घेतलेली पुस्तके ऐकायची असतील तरी आता वर्गणी भरा, असे तिचे म्हणणे होते. आईला हे समजावून सांगताना मला शब्द सापडेनात. वाचनालयातून आणलेले पुस्तक मुदतीत परत करायचे असते आणि दुकानातून विकत आणलेले आपल्या कपाटात राहते, हा फरक तिने आयुष्यभर पाळला, शेकडो मुलांना शिकवला. विकलेले पुस्तक दुकानदार रात्री घरात येऊन उचलून नेतो, ही गोष्ट तिच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती, आणि ती का बसावी?

त्यानंतरचे पाच महिने मी विसरू म्हणता विसरत नाही. कंपनीच्या मदत खिडकीत आधी यंत्र बोलायचे, मग वेगवेगळ्या नावांची माणसे तेच वाक्य पाठवायची. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते, हे मला आपल्याकडून कळले. आम्हाला त्या अधिकाऱ्याचा एक शब्दही आला नव्हता. एका वकिलांनी रक्कम ऐकली आणि फाइल न उघडताच परत केली. माझ्या भाच्याने प्रेमापोटी सुचवले की ही सगळी पुस्तके फुकटात मिळतात, तो पेन ड्राइव्हवर आणून देईल. आई म्हणाली, "चोरीचं नको. मी पैसे दिलेत."

सर्वांत जास्त सलणारा प्रसंग नोटरीकडचा आहे. कंपनीने खातेदाराच्या सहीचे साक्षांकित पत्र मागितले, म्हणून आईला रिक्षाने घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी तिच्याकडे न बघता मला विचारले, "यांना दिसत नाही ना? मग अंगठा घेऊ." आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. जिने ३१ वर्षे मुलांची अक्षरे वळणावर आणली, तिचा अंगठा त्यांनी धरला आणि कागदावर टेकवला. आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर लिंबाची फोड घेऊन ती बराच वेळ अंगठा घासत बसली होती. त्या माणसाचा हेतू वाईट नसेलही, पण 'तुम्हाला सही करता येईल का' हे एवढेसे विचारायला काय लागते, हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

अशा अवस्थेत आम्ही आपल्याकडे आलो. मी सवयीने बोलायला सुरुवात केली. आपण हात वर करून मला थांबवलेत, खुर्ची आईच्या बाजूला वळवलीत आणि विचारलेत, "काय वाचत होता तुम्ही, बंद पडलं तेव्हा?" पाच महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आई कादंबरीबद्दल दहा मिनिटे बोलली. ती शिक्षिका होती हे कळताच आपण तिला 'बाई' म्हणू लागलात, आणि मी पाहिले, तिची पाठ ताठ झाली. निवृत्तीनंतर तिला 'बाई' म्हणणारे किती उरले आहेत?

मग आपण कंपनीच्या अटी उघडल्यात. त्या इंग्रजीत होत्या, लांबलचक होत्या. आपण एकेक कलम वाचून आईला मराठीत सांगत गेलात, आणि ते समजल्याशिवाय पुढे गेला नाहीत. एका कलमात लिहिले होते की ग्राहक मजकूर विकत घेत नाही, तो केवळ ऐकण्याचा परवाना घेतो आणि कंपनी तो केव्हाही रद्द करू शकते. आई म्हणाली, "मग बटणावर 'परवाना घ्या' असं का नाही लिहिलं?" आपण पेन उचललेत आणि तिचे ते वाक्य जसेच्या तसे तक्रारीच्या मसुद्यात पहिल्या परिच्छेदात घातलेत. पुढे माझ्या वाचनात आले की अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने नेमका याच प्रश्नावर कायदा केला असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. विक्रेता जर केवळ परवाना देत असेल, तर ते ग्राहकाला स्पष्टपणे सांगितल्याशिवाय त्याला 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. तिथे हा प्रश्न आधीपासून पेटलेला होता. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी किंडलवर विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून परस्पर पुसली होती आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली होती. कोथरूडच्या एका निवृत्त बाईंना तोच प्रश्न आपल्या टेबलापाशी सुचला, आणि तो लिहून घेणारा माणूस समोर होता, याचे मला फार मोल वाटते.

आपण भीतीही काढून टाकलीत. अटींमध्ये असेही होते की वाद झाला तर तो परदेशातल्या लवादापुढेच, म्हणजे न्यायालयाबाहेरच्या पंचापुढेच, न्यावा लागेल. आपण शांतपणे सांगितलेत की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. "वकील हवाच असंही नाही. बाई स्वतः बोलू शकतात," असे आपण म्हणालात. मी इतके महिने ज्याला डोंगर समजत होते, तो चढायला आईचे दोन पाय पुरेसे होते, हे मला त्या दिवशी समजले.

मसुदा तयार झाल्यावर तो आपण तिला पूर्ण वाचून दाखवलात. "तक्रार तुमची आहे, बाई. पटणार नाही तिथे थांबवा," असे आधीच सांगून ठेवले होते. एके ठिकाणी मीच सुचवलेला 'असहाय वृद्ध महिला' असा उल्लेख आला. आईने थांबवले. "मी असहाय नाही, ग्राहक आहे, तसं लिहा." आपण ते शब्द खोडलेत आणि नवा कागद टाइप करून घेतलात.

आणि मग सहीची वेळ आली. नोटरीकडचा प्रसंग मी आपल्याला सांगितला नव्हता. आईसमोर तो उच्चारायचीही मला लाज वाटत होती. आपण आईला कोऱ्या कागदावर हवी तशी एक सही करायला सांगितलेत. ती तिरपी झाली, अक्षरे एकमेकांवर चढली. आपण काही न बोलता पट्टीने तिची लांबी मोजलीत, टेबलाच्या खणातून एक जुनी लग्नपत्रिका काढलीत, तिच्या जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चौकट आखलीत आणि ब्लेडने ती कापून काढलीत, साधारण सव्वातीन इंच लांब आणि पाऊण इंच उंच. कडा बोटाला लागू नयेत म्हणून त्या नखाने घासून गुळगुळीत केल्यात. तो पुठ्ठा सहीच्या जागेवर ठेवून आपण आईचे बोट खालच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे एकदा फिरवलेत. "ही तुमची ओळ, बाई." तिने पूर्ण नाव लिहिले, सावकाश, वेलांट्यांसकट. शेवटचे अक्षर कडेला टेकून थांबले. पुठ्ठा उचलला तेव्हा खाली तीच सही होती, जी माझ्या प्रगतिपुस्तकांवर असायची.

हे आपल्याला कुठून सुचले, असे मी विचारले, तेव्हा आपण सांगितलेत की टपाल खात्यात असताना पेन्शनच्या खिडकीवर अशी माणसे यायची, आणि शाईचा पॅड पुढे केल्यावर त्यांचे चेहरे कसे व्हायचे ते आपण पाहिले होते. तेवढेच सांगून आपण पुढच्या माणसाला बोलावलेत.

पुढची कामे पार पडली, त्यांचा पाढा इथे वाचत नाही. एकच गोष्ट नोंदवते. नोटीस गेल्यावर कंपनीने कॉपीराइट पुढे करून फाइली देता येणार नाहीत असे कळवले. त्यावर आपण उत्तरात २०१२ ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती मांडलीत, जिच्यामुळे अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात साहित्य उपलब्ध करून देण्याला सवलत मिळाली. आणि दृष्टिहीनांना पुस्तके वापरता येतील अशा रूपात मिळावीत यासाठीच्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता, याचीही आठवण करून दिलीत. आयोगापुढे त्या मुद्द्याचा कस लागण्याची वेळ आली नाही, कारण कंपनीने समझोत्याची तयारी दाखवली. ६४ पैकी ५८ पुस्तके कुलूप नसलेल्या फाइलींच्या रूपात आईला मिळाली, उरलेल्या सहांचे पैसे आणि तक्रारीचा खर्च खात्यावर जमा झाला.

ग्राहक चळवळीशी या शहराचे जुने नाते आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. शाळेत शिकवत असताना आईने अशा सभांना जाऊन दुकानातली मापे तपासल्याच्या आठवणी मी तिच्याकडून ऐकल्या आहेत. तेव्हा माप खोटे आहे का हे हाताने तोलून कळत असे. आता खोटे माप एका बटणावरच्या शब्दात असते आणि ते उघडे पाडायला कायदा लागतोच, पण त्याच्याआधी समोरच्या माणसाला माणूस समजून त्याच्याशी बोलणारे कुणीतरी लागते. आपण ते केलेत, एक रुपया न घेता, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, आमच्यासारख्या कितीजणांसाठी कोण जाणे. ज्या वकिलांनी फाइल उघडली नाही आणि ज्या गृहस्थांनी पॅड सरकवला, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा अधिक साधने होती. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेल्याचा आव मी आपल्यासमोर आणणार नाही.

आईने ती कादंबरी सतराव्या प्रकरणापासून न ऐकता पहिल्यापासून ऐकायला घेतली. काल ती संपली. पुठ्ठ्याची ती खिडकी तिच्या चष्म्याच्या घरात असते. बँकेत गेलो की ती आधी स्वतः काढून टेबलावर ठेवते आणि मग पेन मागते. हे पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवले. तिने तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावले, आणि आपल्याकडे पाठवायच्या प्रतीवर माझ्या नावाखाली तिचीही सही आहे, त्याच खिडकीतून केलेली.

आपली कृतज्ञ,
बाईंची मुलगी
कोथरूड, पुणे