अभ्यासगट : रविवारच्या बैठकीची आठवण

सदस्यहो, येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय मागे ठरला तोच : हॅरॉल्ड मान यांनी केलेली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी (१९१७). मान हे तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आज पिंपळे सौदागरला टोलेजंग सोसायट्या दिसतात, म्हणून आधीच सांगतो, आपण बोलणार आहोत ते शंभर वर्षांपूर्वीच्या कोरडवाहू गावाबद्दल.

निदान जमीनधारणेचं प्रकरण वाचून या. १७७१मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१४-१५पर्यंत ७ एकरांवर आली. त्याहून बोलका आकडा तुकड्यांचा : १५६ खातेदार, ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एका एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराच्याही आत. हे केवळ वारसावाटपामुळे झालं, की त्यात सारापद्धतीचा आणि सावकारीचाही हात होता? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण मागच्या वेळेसारखं मीच बोलत बसणार नाही.

ज्यांच्या घरची शेती आहे त्यांनी जुना सातबारा किंवा फेरफार मिळाल्यास आणावा. नावं झाकली तरी चालेल, क्षेत्र वाचता आलं म्हणजे झालं. मान यांचीच जातेगाव बुद्रुकची १९२१ची पाहणी पुढच्या महिन्यात घेऊ, दोन्ही एकदम नकोत.

येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. चहा सांगायचा असतो.

– निमंत्रक